बाटली कुठे तुटेल?

गेल्या श्रावणात पेणच्या एका शाळेत शिक्षकांबरोबर एक दिवस घालवायचा योग आला. गणपती तोंडावर आलेले, गावातल्या मूर्तींच्या कारखान्यांत रंगकामाची लगबग आणि शाळेत रिकाम्या बाटल्यांचा ढीग. मुलांनी घराघरांतून सरबताच्या, सॉसच्या बाटल्या जमवल्या होत्या. त्यांच्या माना कापून ऋतूनुसार फुलदाण्या करायच्या होत्या: आता तेरडा आणि कुर्डू, दसऱ्याला झेंडू, शिमग्याला पळस.

एका गुरुजींनी बाटलीला रॉकेलमध्ये भिजवलेला दोरा बांधून पेटवला आणि ज्योत विझत आल्यावर बाटली बादलीत बुडवली. टक् असा आवाज आला. बाटली तुटली, पण तडा तिरका बुडापर्यंत गेला. दुसरीचेही तेच. तिसरी तुटलीच नाही म्हणून मी ती हातात घेऊन पाहू लागलो, तेव्हा ती तुटली. बोटाला दोन टाके पडले. चूक माझीच होती. गार झालेल्या काचेतही ताण अडकून राहतो, हे मी वर्गात अनेकदा सांगितलेले आहे.

काच तापली की प्रसरण पावते. बाटलीच्या काचेची एक मीटर लांबीची कांडी १०० अंश सेल्सियसने तापवली तर जेमतेम ०.९ मिलिमीटर वाढेल. लोखंडाची कांडी १.२ मिलिमीटर वाढते. मग तापलेल्या पोळीच्या तव्यावर पाणी पडले तर तो का तडकत नाही? हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. एखादी मुलगी सांगेल, की आमच्या आजीचा घावनांचा बिडाचा तवा तडकला होता. तिचे उत्तर मोलाचे आहे. लोखंडी पत्रा ताण आला की किंचित वाकतो, ताणतो. बीड आणि काच यांना ते जमत नाही.

शिवाय काच उष्णतेची मंद वाहक. गरम बाटलीवर गार पाणी पडले की बाहेरचा थर ताबडतोब आकसू पाहतो; आतला थर गरमच असल्याने त्याला आकसू देत नाही. बाहेरचा थर ताणला जातो. काच दाब भरपूर सोसते, ताण मात्र फार थोडा. तोही किती, हे तिच्या पृष्ठभागावरील ओरखड्यांवर ठरते. ब्रिटिश अभियंता ग्रिफिथ याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हे दाखवून दिले: ताण ओरखड्याच्या टोकाशी एकवटतो आणि तडा तिथून धावतो. काचेचा अगदी बारीक, ताजा ओढलेला तंतू म्हणूनच जाड कांडीपेक्षा तुलनेने कितीतरी बळकट निघतो.

आता दोऱ्याचे काय चुकले ते दिसेल. ज्योत वर चढते, त्यामुळे काचेचा रुंद पट्टा तापतो. गाठीपाशी दोरा जास्त वेळ जळतो. आणि तड्याला वाट दाखवणारा ओरखडा नसतोच. मग तो जुना, कुठलाही ओरखडा पकडतो.

पुढच्या आठवड्यात रोह्याला आम्ही आग वगळली. लाकडी खोबणीत बाटली आडवी ठेवून काच कापायच्या हिऱ्याने भोवती एकच रेघ मारली. एकच! पुन्हा गिरवली की शेजारी दुसरी वाट तयार होते. किटलीतले कढत पाणी बारीक धारेने रेघेवर सोडत बाटली फिरवली, मग नळाचे गार पाणी. तिसऱ्या-चौथ्या वेळी मान अलगद सुटली. आठांपैकी सहा बाटल्या सरळ कापल्या गेल्या. हे काम शिक्षकांनीच करावे, डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे घालून; मुलांनी लांबून पाहावे. कड घासायला काळा पॉलिश पेपर घ्यावा आणि तो पाण्याखाली घासावा, कारण काचेची कोरडी धूळ फुप्फुसात जाते.

एक काळजी मात्र रोह्याला मुद्दाम घ्यावी लागली. जवळच धाटावला रासायनिक कारखाने आहेत. भंगारातली बाटली कशाची होती हे ठाऊक नसेल तर ती घेऊ नये. वास गेला म्हणजे रसायन गेले असे नव्हे. फुटलेले तुकडे मात्र वेगळे जमवून भंगारवाल्याला द्यावेत. भट्टीत १० टक्के फुटकी काच घातली तर इंधन अडीच-तीन टक्के वाचते.

पेणच्या मुलांना सजावटीसाठी अर्थातच शाडू सुचला. ओला शाडू काचेवर छान बसतो, पण वाळताना आकसतो. काच आकसत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पापुद्रे निघाले. शाडूत कागदाचा लगदा आणि डिंक मिसळल्यावर तो बराच टिकला. लगदा किती घालावा यावर सातवीच्या दोन गटांत वाद झाला. दोघांनी वेगवेगळ्या प्रमाणाच्या बाटल्या लिंपून खिडकीत वाळत ठेवल्या आहेत.