सोसायटीची किर्द संगणकावर नेताना

बेलापूर-श्रीरामपूर भागातल्या सहकारी मंडळींनो, हे वाचाच! जून २०२२ मध्ये केंद्राने ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्था, म्हणजे आपल्या गावोगावच्या सोसायट्या, एकाच सॉफ्टवेअरवर आणायची २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. अंमलबजावणीत मुख्य भूमिका नाबार्डची.

पण या सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण देताना किर्द-खतावणीत मुरलेल्या सोसायटीच्या सचिवाला पडद्यावरची बटणं पाठ करायला लावून काय उपयोग? एका सभासदाचं पीककर्ज घ्या. मंजुरी, व्याज, वसुली, पावती, सगळं सचिवाला सरावासाठी स्वतः करू द्या. चुकीची नोंद दुरुस्त कशी करायची, हे तर पहिल्याच दिवशी शिकवा. (माझ्या मते खरी भीती तिथेच असते.) सुरुवातीला वही आणि संगणक दोन्ही चालवून रोजची शिल्लक ताडून पाहा.

आणि मार्चएंडच्या वसुलीत प्रशिक्षण ठेवू नका, सचिव येणारच नाहीत!