खाटा मोजल्या, माणसे मोजायची राहिली



विद्यापीठाच्या फाटकातून मी आत गेलो तो विद्यार्थी म्हणून नव्हे. वसतिगृहाच्या खानावळीतील कामगारांची संघटना बांधण्यासाठी गेलो. तेव्हा विद्यापीठाच्या आवारातील वसती आणि नोकरवर्ग यांची आखणी कशी करावी हे माझ्यासारख्याने सांगावे, याचे कोणाला नवल वाटेल. पण वसतिगृह कसे चालते हे पहाटे शेगडी पेटवणाऱ्याजवळ बसल्यावाचून कळत नाही, आणि तसा मी पुष्कळ बसलो आहे.

प्रथम एक साधा हिशेब घेऊ. दारावर अहोरात्र एक पहारेकरी हवा असे ठरते आणि अंदाजपत्रकात ‘पहारेकरी १’ अशी नोंद पडते. आठ तासांची पाळी धरली तर दिवसाच्या तीन, म्हणजे वर्षाच्या १,०९५ पाळ्या झाल्या. आता एक माणूस वर्षात किती पाळ्या भरील? ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्या गेल्या, राहिले ३१३. हक्काची रजा, किरकोळ रजा आणि सणवार मिळून ३५ दिवस धरा, राहिले २७८. १,०९५ ला २७८ ने भागले की उत्तर चाराच्या अगदी जवळ येते. म्हणजे दारावर एक माणूस दिसण्यासाठी हजेरीपटावर चार लागतात. तीनच नेमले तर चौथ्याचे काम त्या तिघांच्या झोपेतून निघते.

“पण पुढचे कोणाला दिसते?” असे अधिकारी विचारतात. मला हे पटत नाही. २०३५ साली अठरा वर्षांची होणारी मुले २०१७ सालीच जन्मली. शाळेच्या पटावर ती मोजता येतात. १८ ते २३ वयाच्या लोकसंख्येशी उच्च शिक्षणातील पटाचे प्रमाण २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत शेकडा २८.४ होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ते २०३५ पर्यंत ५० वर नेण्याचे ठरविले आहे. उलटपक्षी २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात दर स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण १.७ वर आलेले दिसले. प्रमाण वाढणार, पण मुले कमी होणार. दोन्हींचा गुणाकार केल्याशिवाय विटा मागवू नयेत. शिवाय गावातली मुले घरून येतात. खाट लागते ती बाहेरगावच्याला, आणि त्यातही आधी मुलीला. मुलगा चौघांत एक खोली भाड्याने घेतो. मुलीला बाप तशी ठेवीत नाही. तिला खाट नाही म्हणजे तिचे शिक्षण तेथेच संपले.

कधी वाढ सरकारच ठरवते. २००६ च्या केंद्रीय कायद्याने इतर मागासवर्गीयांना शेकडा २७ जागा मिळाल्या. पूर्वी शंभरांत ७७.५ जागा खुल्या होत्या, त्या नव्या वाटणीत ५०.५ होणार होत्या. खुल्या जागांची मूळ संख्या घटू द्यायची नाही, तर एकूण जागा सुमारे ५४ टक्के वाढवणे प्राप्त होते. त्रैराशिक कोणीही मांडून पाहावे. पवईच्या आयआयटीसारख्या निवासी संस्थेत प्रत्येक जागेमागे एक खाट, एक ताट आणि संडासाचा वाटा आलाच. पुढे २०१९ साली आर्थिक दुर्बलांसाठी आणखी सुमारे २५ टक्के जागा वाढवण्याचे ठरले. कायदा एका अधिवेशनात होतो, इमारतीला तीन-चार वर्षे लागतात. म्हणून जमीन, पाण्याची नळवाहिनी आणि गटार आधीच राखून ठेवावे लागते. मोठ्या व्यासाचे गटार सुरुवातीला महाग वाटते खरे, पण उकरून पुन्हा घालणे त्याहून महाग पडते.

माणसांचेही तसेच. एकाच भरतीत घेतलेले पंचविशीतले शंभर कारकून ५८ व्या वर्षी, म्हणजे ३३ वर्षांनी, बरोबरच निवृत्त होतात. त्यांच्या जन्मतारखा कार्यालयाच्या कपाटातच असतात, तरी त्या वर्षी सगळ्यांना धक्का बसतो! मग कंत्राटदार येतो. तो बदलला की माणसेही बदलतात, आणि तिसऱ्या मजल्याचे पाणी कोणत्या चावीने बंद होते हे सांगायला कोणी उरत नाही.

आमच्या भागातील एका संस्थेने आवारातील नोकरांची जुनी चाळ पाडली आणि त्या जागेवर ३०० मुलींचे वसतिगृह बांधले. वसतिगृह हवेच होते, त्याला माझा विरोध नव्हता. पण चाळीतली बिऱ्हाडे १८ किलोमीटरवर गेली. पहिली एस.टी. सहाची. पोळ्या लाटणाऱ्या बाया वेळेवर पोचेनात. मुली उपाशीपोटी तासाला बसू लागल्या, आणि बायांच्या नावावर खाडे पडू लागले. वाटाघाटींत आम्ही त्या वर्षी पगारवाढ मागितली नाही, अकरा खोल्या मागितल्या. कुलसचिव सज्जन गृहस्थ होते. ते म्हणाले, “नकाशात नोकरांच्या घरांचा रकानाच नव्हता हो!” नऊ महिन्यांनी सात खोल्या मिळाल्या, त्याही मागल्या अंगाला, सांडपाण्याच्या टाकीशेजारी. उरलेल्या चौघीजणी अजून सहाच्या एस.टी.नेच येतात.