जकातीची भिंत आणि कोयता

परदेशी साखरेवर जकात असावी की नसावी, हा वाद सातारा-सांगलीत ऊस लावणाऱ्याच्या अंगणात चालतो. फडात कोयता चालवणाऱ्याला कोणी विचारत नाही. म्हणून मी हा प्रश्न त्याच्या बाजूने मांडतो आहे.

1932 साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. तोवर जावाची स्वस्त साखर इथला बाजार खात होती. जकातीची भिंत उभी राहिली आणि देशातले तीस-बत्तीस कारखाने चार-पाच वर्षांत सव्वाशेवर गेले. स्वातंत्र्यानंतर कृष्णाकाठीही सहकारी कारखाने आले: रेठऱ्याचा, साखराळ्याचा, सांगलीचा. 2018 च्या फेब्रुवारीत तर आयातकर 50 टक्क्यांवरून 100 टक्के केला गेला.

बाहेरची साखर अडवली की आतल्या साखरेला भाव टिकतो. तो भाव चहा पिणारा प्रत्येकजण देतो, भूमिहीनही देतो. (आमच्या वस्त्यांत चहा हीच पुष्कळदा सकाळची न्याहारी.) उसाला सरकार कायद्याने दर बांधून देते, 2025-26 साठी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे 3550 रुपये. तोडणीचा दर मात्र साखर संघ आणि मजूर संघटना यांच्या वाटाघाटीत ठरतो. 2024 च्या जानेवारीत त्यात 34 टक्के वाढ मिळाली. पण तोडणी-वाहतूक शेतकऱ्याच्या बिलातूनच कापली जाते. म्हणजे बीडहून आलेल्या नवरा-बायकोची, जी हिशेबात मिळून एकच 'कोयता' असतात, मजुरी वाढली की कपाळाला आठ्या पडतात त्या दोन एकरवाल्या शेतकऱ्याच्या. संरक्षण कारखान्याला, भांडण या दोघांत!

1900 साली साताऱ्याच्या हायस्कुलात दाखल झालेल्या बाबासाहेबांनी 1923 च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये विनिमय दराबाबत हाच हिशेब मांडला. रुपया घसरल्यावर निर्यातदाराला होणारा नफा परदेशातून येत नाही. भाव चढतात, मजुरी मागे राहते, त्या फरकातून तो निघतो. जकातीलाही हीच कसोटी लावली पाहिजे.

मग भिंत पाडायची काय? मी तसे म्हणत नाही. जकात ठेवायची तर उसासारखा तोडणीचा दरही कायद्याने बांधा, आणि तो शेतकऱ्याच्या नव्हे, साखरेच्या भावातून द्या, एवढेच माझे म्हणणे आहे. खुल्या व्यापाराचे गोडवे गाणाऱ्यांनी पुढचेही पाहावे. ब्राझीलची साखर आली तर चहा स्वस्त होईल. पण गाळप घटले की आधी टोळ्याच कोप्या मोडून परततील, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल त्यांच्या अंगावर तशीच राहील.