गिअर अडला? आधी क्लच पाहा

लागणीच्या दिवसांत बेणे भरलेली जुनी पिकअप अडली, की बेणे सुकते अन् उगवण मार खाते. गिअर पडेना म्हटलं, की आपण गिअरबॉक्स उतरवायला थेट नागपूर गाठतो. जरा थांबा! सपाट जागी हँडब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून गिअर टाकून पाहा. बंद इंजिनावर अलगद पडतात आणि चालू इंजिनावर कर्रकन वाजतात, तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही. पेडल दोन-तीनदा मारल्यावर गिअर पडला, तर क्लचच्या तेलाची नळी गळते का, तिच्यात हवा शिरली का, ते तपासावे. बंद इंजिनावरही अडला, तर लिव्हरचे जोड पाहावेत. चालता चालता गिअर निसटत असेल अन् जोड घट्ट असतील, तर मात्र पेटी उघडणे आलेच. ऑटोमॅटिक गाडीला क्लचचे पेडलच नसते. तिथे आधी तेलाची पातळी व वास पाहावा. जळका वास आला, तर बेणे दुसऱ्या गाडीत भरावे.