एनिस

आयर्लंड प्रजासत्ताकाच्या क्लेअर परगण्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या २७,९२३ (२०२२). हे लिमरिकच्या वायव्येस सु. ३५ किमी. फर्गस नदीकाठी वसले आहे. नदीप्रवाहांनी वेढलेल्या जागी मूळ वस्ती झाल्याने ‘बेट’ या अर्थाच्या ‘इनिश’ या आयरिश शब्दावरून त्यास हे नाव पडले.

तेराव्या शतकात थॉमंडच्या ओब्रायन राजघराण्याने येथे फ्रॅन्सिस्कन मठ स्थापिला व त्याच्या आश्रयाने गाव वाढले. मठाच्या अवशेषांतील पंधराव्या शतकातील शिल्पे प्रेक्षणीय आहेत. जुन्या भागातील अरुंद, वळणदार रस्ते मध्ययुगीन नगररचनेची साक्ष देतात.

आयर्लंडच्या राजकीय इतिहासात एनिसला त्याच्या आकाराच्या मानाने मोठे स्थान आहे. १८२८ च्या पोटनिवडणुकीत डॅन्येल ओकॉनेल येथून २,०५७ विरुद्ध ९८२ मतांनी विजयी झाला. पण संसदेतील शपथ कॅथलिक धर्मतत्त्वांविरुद्ध असल्याने त्यास आसन घेता येईना. या पेचातून १८२९ मध्ये कॅथलिकांना संसदेची दारे खुली करणारा कायदा झाला. तथापि त्याच वर्षी मतदानासाठी आवश्यक जमीन-उत्पन्नाची मर्यादा चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेण्यात आली आणि ज्या लहान शेतकऱ्यांनी जमीनदारांचा रोष पत्करून हा विजय मिळवून दिला, त्यांचाच मताधिकार गेला. विजय जाहीर झाला त्या जुन्या न्यायालयाच्या जागी ओकॉनेलचा स्मारकस्तंभ आहे.

१९ सप्टेंबर १८८० रोजी चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल याने येथील सभेत, बेदखल कुळाची जमीन घेणाऱ्याशी सर्व व्यवहार तोडावेत, असे आवाहन केले. लवकरच मेयो परगण्यातील कॅप्टन बॉयकॉट या जमीनदारी कारभाऱ्यावर हा उपाय योजला गेला आणि त्याचे आडनावच या शस्त्राला चिकटले. पुढे वंगभंगानंतरच्या आंदोलनात भारतातही ‘बहिष्कार’ व ‘बॉयकॉट’ हे शब्द एकाच अर्थाने रूढ झाले. १९१७ मध्ये ईमन डी व्हॅलेरा पूर्व क्लेअरमधून निवडून आला; १९२३ मध्ये येथेच भाषण करीत असताना त्यास अटक झाली.

एनिस ही आसपासच्या कृषिप्रदेशाची बाजारपेठ व परगण्याचे प्रशासकीय केंद्र असून पारंपरिक आयरिश संगीतासाठी प्रसिद्ध आहे. दक्षिणेकडील शॅनन विमानतळामुळे पर्यटनास व उद्योगांस चालना मिळाली आहे.