भूस्तर आणि भूकंपलहरींची कंपनसंख्या

भूकंपमापकावरील नोंदीत उगमाइतकाच भूस्तरांचाही ठसा असतो. कठीण खडकावर मृदू गाळाचा थर असल्यास त्यात शिरलेल्या लहरी पृष्ठभाग व तळ यांमध्ये पुनःपुन्हा परावर्तित होतात. थर नवी कंपने निर्माण करीत नाही. आलेल्यांपैकी काही निवडून वाढवितो. अनुप्रस्थ लहरींच्या वेगास थराच्या जाडीच्या चौपटीने भागले असता त्याची मूलभूत कंपनसंख्या मिळते. स्वरोच्चारातही हाच नियम दिसतो : कंठ ते ओठ ही १७ सेंटिमीटरांची, एका टोकास बंद अशी नळी मानल्यास, ध्वनीच्या सेकंदास ३४० मीटर वेगाने, पहिली अनुनादसंख्या ५०० येते.

१९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको शहरास याचा दारुण प्रत्यय आला. भूकंपाचा उगम साडेतीनशे किलोमीटरांहून दूर, पॅसिफिक किनाऱ्यालगत होता. परंतु शहराचा मोठा भाग प्राचीन सरोवराच्या चिकणमातीवर वसलेला आहे. तेथे एके ठिकाणी थराची जाडी सुमारे ३८ मीटर व लहरींचा वेग सेकंदास सुमारे ७५ मीटर; अर्थात् एका आंदोलनास सुमारे २ सेकंद. ६ ते १५ मजली इमारतींचा आंदोलनकाल याच्या जवळपास जात असल्याने त्यांचीच हानी सर्वाधिक झाली. त्याच शहरातील खडकाळ भूमीवर कंपन कितीतरी सौम्य होते. म्हणून इमारतीची उंची ठरविण्यापूर्वी तिच्याखालील थराची कंपनसंख्या जाणून घेणे अगत्याचे ठरते.