बिनमाणसांच्या बोटी पाणबुडीची जागा घेतील का?

21 एप्रिल 2021. रमजानचे दिवस. इंडोनेशियाच्या नौदलाची ‘नांग्गाला 402’ ही पाणबुडी बाली बेटाच्या उत्तरेला सरावासाठी पाण्याखाली गेली, ती परत वर आलीच नाही. आत 53 माणसं होती. काही दिवसांनी तिचे तुकडे 800 मीटरपेक्षा जास्त खोलीवर सापडले. एवढ्या खोलीवर गेल्यावर सुटकेची आशाच उरत नाही.

आपल्या मुंबईलाही हे दुःख माहीत आहे. 14 ऑगस्ट 2013 च्या मध्यरात्री नौदलाच्या गोदीत ‘आयएनएस सिंधुरक्षक’वर स्फोट झाले आणि 18 नौसैनिक गेले. तेव्हा ना युद्ध होतं ना वादळ, पाणबुडी धक्क्याला बांधलेली होती.

म्हणून आता जगभर एक प्रश्न विचारला जातोय. समुद्राचं रक्षण करायला माणसांना लोखंडी नळीत बसवून खाली पाठवायलाच हवं का? की स्वस्तातल्या, बिनमाणसांच्या बोटींवर भागेल?

हा प्रश्न पुढे आला तो मुख्यतः काळ्या समुद्रातून. युक्रेनकडे 2022 मध्ये नाव घेण्यासारखं नौदल उरलं नव्हतं. पाणबुडी तर एकही नाही. त्यांनी ‘मागुरा’ नावाची बोट बनवली. लांबी जेमतेम साडेपाच मीटर, म्हणजे आपल्याकडच्या छोट्या मच्छीमार होडीएवढी. पाण्यावर इतकी बसकी की रडारवर लवकर दिसत नाही. पुढे कॅमेरा, पोटात स्फोटकं, वर सॅटेलाइटचा अँटेना. चालवणारा शेकडो किलोमीटर लांब स्क्रीनसमोर बसलेला. 1 फेब्रुवारी 2024 ला अशा बोटींनी रशियाच्या ‘इव्हानोवेट्स’ या क्षेपणास्त्र नौकेला गाठलं आणि एकामागून एक धडक देत बुडवलं. दोन आठवड्यांत ‘त्सेझार कुनिकोव्ह’ हे मोठं जहाजही गेलं. शेवटी रशियाला आपली बरीच जहाजं सेवास्तोपोलहून हलवून पूर्वेकडे नोव्होरोसिस्कला न्यावी लागली.

आता पैशाचं बघू. अशा एका बोटीची किंमत अडीच-तीन लाख डॉलरच्या आसपास सांगितली जाते, म्हणजे साधारण अडीच कोटी रुपये. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या सहा कलवरी पाणबुड्यांचा एकूण खर्च 23 हजार कोटींच्या वर गेला. एका पाणबुडीच्या पैशात दीड हजार बोटी! वेळेचंही तसंच. करार 2005 चा, पहिली पाणबुडी नौदलात आली 2017 च्या डिसेंबरात आणि सहावी ‘वागशीर’ जानेवारी 2025 मध्ये. वीस वर्षं झाली की.

पण हा हिशेब थोडा फसवा आहे. मागुरा पाण्यावरून धावते, पाणबुडी पाण्याखाली लपते. दोघींचं कामच वेगळं. पाणबुडीची खरी ताकद म्हणजे ती कुठे आहे हे शत्रूला कळत नाही. ती आठवडेच्या आठवडे दबा धरून बसते, आवाज ऐकते, कोण येतंय-जातंय ते टिपते. बिनमाणसाची बोट तिथे अडखळते, कारण रेडिओच्या लहरी खाऱ्या पाण्यात खोल जातच नाहीत. वर होती तोवर स्क्रीनवरून चालवता येत होती. खाली गेली की संपर्क तुटला. मग समोरचं जहाज लढाऊ आहे की मालवाहू, हे यंत्रालाच ठरवावं लागतं. आणि यंत्र चुकलं तर?

ऑस्ट्रेलियाने दोन्हीकडे पाय ठेवलाय. अणुपाणबुड्यांसाठी 2050 च्या दशकापर्यंत 268 ते 368 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर लागतील, असा तिथल्या सरकारचाच अंदाज आहे. त्याच सरकारने सप्टेंबर 2025 मध्ये ‘घोस्ट शार्क’ या पाण्याखालच्या मानवरहित यानांसाठी 1.7 अब्ज डॉलर मंजूर केले, आणि तेवढ्यात डझनावारी यानं येणार आहेत. ती टेहळणी करतील, गरज पडली तर हल्लाही करतील. पाणबुडी मात्र रद्द झालेली नाही. आम्हाला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो. धोक्याचं आणि कंटाळवाणं काम यंत्राला द्यावं, निर्णयाचं काम माणसाकडे ठेवावं.

स्वस्त हत्याराची दुसरी बाजू कोकणातल्या घरांना जास्त जवळची आहे. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली, इथल्या कितीतरी घरांतला मुलगा नाहीतर चाचा बोटीवर नोकरीला असतो. जी वस्तू गरीब देशाला परवडते, ती सशस्त्र गटांनाही परवडते. 12 जून 2024 ला लाल समुद्रात हूथींच्या बिनमाणसाच्या बोटीने ‘ट्यूटर’ या मालवाहू जहाजाला मागच्या बाजूने धडक दिली. इंजिन रूममध्ये पाणी भरलं. फिलिपाइन्सचा एक खलाशी त्यात गेला, बाकीच्यांना जहाज सोडावं लागलं आणि काही दिवसांनी ते बुडालं. धडकणाऱ्या बोटीत कोणी नव्हतं, पण जिला धडकली त्या जहाजावर 22 जण होते.

कायदाही मागे पडलाय. 1982 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यात ‘युद्धनौका’ कशाला म्हणायचं ते लिहिलंय. तिच्यावर अधिकारी हवा आणि लष्करी शिस्तीतले खलाशी हवेत. मग जिच्यावर कोणीच नाही ती बोट युद्धनौका ठरते का, तिला अडवायचा हक्क कुणाला, तिने चुकून मासेमारी करणाऱ्यांना उडवलं तर जबाब कुणी द्यायचा, यावर कायदेपंडितांचं अजून एकमत झालेलं नाही.